शेजारधर्म आणि बिनतारी जाळे

शेजाऱ्याला विरजण द्यावे, शिडी द्यावी, अडीअडचणीला घराची किल्लीही सांभाळावयास द्यावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ह्या देवघेवीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे घरातले बिनतारी इंटरनेट. त्यालाच आपण सर्वजण वायफाय म्हणतो. 'जरा पासवर्ड सांगा हो,' ही विनंती आता इतकी सहज झाली आहे, की ती नाकारणारा कंजूष ठरतो, आणि मान्य करणाऱ्याला आपण नेमके काय दिले ह्याची कल्पना नसते. विरजण दिल्यावर शेजारी त्याचे दही लावतो की कढी करतो, ह्याचा जाब कोणी आपल्याला विचारीत नाही. वायफायचे तसे नाही. म्हणून ह्या साध्या दिसणाऱ्या शेजारधर्माचा थोडा बारकाईने विचार केला पाहिजे. ही वस्तू वाटता येते ती कशी, वाटल्याने काय कमी होते, आणि वाटल्यावर जबाबदारी कोणाची, असे तीन प्रश्न त्यात आहेत. ते ह्याच क्रमाने घेऊ.

भिंत न मानणारी वस्तू

घरात येणारे इंटरनेट बहुधा तारेने येते. ती तार पूर्वी तांब्याची असे, आता पुष्कळ ठिकाणी काचतंतूची असते. ती ज्या पेटीत संपते, त्या पेटीला राउटर म्हणतात. राउटर म्हणजे वस्तुतः एक छोटेसे आकाशवाणी केंद्रच होय. फरक इतकाच, की हे केंद्र बोलतेही आणि ऐकतेही. त्याच्या लहरी सेकंदास सुमारे २४० कोटी आंदोलनांच्या असतात आणि त्यांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत, भरते. अलीकडच्या पेट्या ह्याहून दुप्पट आंदोलनांच्या, म्हणजे निम्म्या लांबीच्या लहरीही वापरतात.

अशा आखूड लहरी भिंतीतून आरपार जातात, हे आपल्या देशातच सव्वाशे वर्षांपूर्वी दिसून आले होते. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्यात जो जाहीर प्रयोग करून दाखविला, त्यात ह्याहूनही आखूड लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजविली होती. तेव्हा आपल्या घरातले वायफाय शेजारच्या घरात पोचते, ह्यात नवल काहीच नाही. ते आपल्या घरात कोंडून ठेवणे हेच अवघड आहे. मात्र प्रत्येक भिंत आपला कर घेते. विटांच्या दोन-तीन भिंती किंवा सिमेंटचा एक जाड पडदा पार करताना लहर इतकी क्षीण होते, की पलीकडे नुसती कुजबूज उरते. उलट वाट मोकळी असेल आणि लहर एका दिशेने एकवटणारी तबकडी लावली असेल, तर हीच लहर कुठल्या कुठे जाते. व्हेनेझुएलात २००७ साली एका पर्वतावरून दुसऱ्या पर्वतावर वायफायच्याच यंत्रांनी ३८२ किलोमीटरवर संदेश पोचविण्यात आला. तात्पर्य, अंतरापेक्षा आडोसा हाच वायफायचा मोठा शत्रू होय.

ह्या लहरी वापरावयास सरकारी परवाना लागत नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. एके काळी घरात नुसता रेडिओ ऐकावयाचा तरी पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. अमेरिकेने १९८५ साली लहरींचे काही पट्टे सर्वांना मोकळे केले. त्या मोकळ्या पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांचे पहिले मानक १९९७ साली ठरले आणि वायफाय हे नाव १९९९ साली रूढ झाले. भारतातही २००५ साली २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा, शक्तीची मर्यादा घालून, परवान्यावाचून वापरण्यास खुला झाला. म्हणजे हे आकाशातले गायरानच आहे. तेथे कोणीही आपले जनावर सोडू शकतो. परंतु गायरानाचा जो नेहमीचा प्रश्न असतो, तोच येथेही उभा राहतो.

हवेची वाटणी

पुष्कळांची समजूत अशी असते, की इंटरनेट वाटले म्हणजे ते टाकीतल्या पाण्यासारखे कमी होते. ही समजूत निम्मीच खरी आहे. तारेचा हिशेब पाहा. घरात सेकंदास १०० मेगाबिटची जोडणी आहे असे समजा. मुलाचा दूरस्थ वर्ग चालू असेल तर त्याला दोन-तीन मेगाबिट पुरतात, आणि स्पष्ट चित्रपट पाहावयाचा तरी पाचएक मेगाबिट लागतात. म्हणजे एकाच वेळी वीस घरांनी चित्रपट लावला तरच ही तार भरते, आणि तसा योग क्वचितच येतो. बाकी सारा वेळ तार मोकळीच असते. वापरली नाही म्हणून आजची तार उद्यासाठी शिल्लकही राहत नाही. ह्या दृष्टीने ती टाकीपेक्षा वाहत्या पाटासारखी अधिक आहे.

खरी टंचाई तारेत नसून हवेत असते. एका पेटीभोवतीची सारी यंत्रे एकाच हवेत बोलतात, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द वाया जातात. म्हणून प्रत्येक यंत्र बोलण्यापूर्वी कानोसा घेते, दुसरा बोलत असेल तर थांबते, आणि मग आपली पाळी साधते. ही सभेची शिस्त झाली. आता ह्या सभेत एक वक्ता जवळ बसला आहे आणि त्याचे भाषण झरझर होते. दुसरा तीन भिंतींपलीकडे आहे, आणि ऐकू जावे म्हणून त्याला एकेक अक्षर सावकाश उच्चारावे लागते. जुन्या पद्धतीच्या पेटीत दोघांना सारख्याच पाळ्या मिळतात. जवळचे यंत्र सेकंदास १०० मेगाबिटने बोलत असेल, तर १० मेगाबिटचा मजकूर ते सेकंदाच्या दहाव्या भागात संपविते. दूरचे यंत्र ५ मेगाबिटने बोलत असेल, तर तेवढ्याच मजकुराला त्याला दोन सेकंद लागतात. दोघे आळीपाळीने बोलू लागले, की २.१ सेकंदांत प्रत्येकाचे १० मेगाबिट होतात. म्हणजे जवळच्याचाही वेग १०० वरून पाचाच्या आत येतो! शेजाऱ्याने फार वापरले म्हणून नव्हे, तर फार दुरून वापरले म्हणून आपले घर मंदावते. नव्या पेट्यांत पाळ्यांऐवजी वेळच सारखा वाटण्याची सोय असते. परंतु खरा उपाय साधाच आहे. शेजाऱ्याला द्यावयाचेच असेल, तर एक तार ओढून त्याच्या घरात दुसरी छोटी पेटी ठेवावी. भिंतीतून झिरपणाऱ्या लहरीवर त्याने गुजराण करू नये.

ह्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे, आणि ती वाटणाऱ्यांच्या बाजूने बोलते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तेरा वाहिन्या मांडलेल्या असल्या, तरी एकमेकींवर न चढणाऱ्या अशा तीनच बसतात. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत चाळीस पेट्या असल्या, तर त्या ह्या तीन वाहिन्यांवरच दाटीवाटीने ओरडत असतात. दुसऱ्या, वरच्या पट्ट्यात जागा जास्त आहे, पण त्या लहरी भिंतीला लवकर हार जातात. म्हणजे आपण पासवर्ड कोणाला दिला नाही, तरी हवा आपण शेजाऱ्यांशी आधीच वाटून घेतलेली आहे. ती वाटणी मुकाट्याने, भांडत चालू आहे, एवढेच. चाळीस पेट्यांऐवजी विचारपूर्वक जागा ठरवून ठेवलेल्या दहा पेट्या त्या इमारतीला अधिक सुख देतील, हे कोणाही अभियंत्याला मान्य होईल.

लिफाफ्यावरचा पत्ता

आता जबाबदारीकडे वळू. वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत, आणि प्रत्येक जण पत्र टाकताना पाठविणाऱ्याच्या जागी केवळ वाड्याचा पत्ता लिहितो, अशी कल्पना करा. राउटर नेमके हेच करतो. घरात पाच यंत्रे असोत की पन्नास, बाहेरच्या जगाला त्या साऱ्यांचा मिळून एकच क्रमांक दिसतो, आणि तो क्रमांक ज्याच्या नावे जोडणी आहे त्याच्यापर्यंत नेऊन पोचवितो. आत कोण बसले होते, हे लिफाफ्यावर लिहिलेले नसते.

ह्याचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने २००८ साली पाहिले. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा एक ई-मेल गेला होता. त्याच्या क्रमांकाचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील एका सदनिकेत पोचले. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा त्या कटाशी काही संबंध नव्हता. कोणीतरी त्याच्या वायफायचा गैरफायदा घेऊन तो निरोप पाठविला होता. त्या गृहस्थाला मात्र चौकशीला तोंड द्यावे लागले. त्याच टोळीचे पुढचे निरोपही मुंबईतल्या अशाच परक्या जोडण्यांवरून गेले. त्यानंतर २००९ साली दूरसंचार खात्याने नियम घातले, की वायफायची जोडणी सुरक्षित ठेवली जावी आणि सार्वजनिक ठिकाणी ती देताना वापरणाऱ्याची ओळख पटविली जावी. रेल्वे स्थानकावर वा विमानतळावर वायफाय घेताना मोबाइलवर जो अंक येतो, त्याचे मूळ येथे आहे.

परंतु कुलूप लावणे हाच एक निष्कर्ष काढून थांबणे बरोबर नाही. हाच प्रश्न जर्मनीपुढे गाण्याच्या चोरीच्या रूपाने आला. एक गृहस्थ सुटीवर गेला असताना त्याच्या घरच्या वायफायवरून कोणीतरी एक गाणे लोकांना फुकट उपलब्ध करून दिले. मे २०१० मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले, की त्याने चोरी केली नाही, म्हणून नुकसानभरपाई त्याच्याकडून घेता येणार नाही. पण कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याने बदलला नाही, म्हणून कायदेशीर नोटिशीचा खर्च त्याने सोसावा. निकालाचा परिणाम असा झाला, की भल्या माणसांनी, उपाहारगृहांनी, दुकानदारांनी भीतीने आपापली जाळी बंद केली. चोर थांबले की नाही हे सांगता येत नाही, पण पाणपोया आटल्या हे खरे. पुढे २०१६ साली युरोपच्या न्यायालयापुढे म्युनिकजवळच्या एका दुकानदाराचे असेच प्रकरण आले, आणि अखेर २०१७ साली जर्मनीने कायदाच बदलला. दुसऱ्याला जोडणी देणाऱ्यावर, केवळ ती दिली म्हणून, नोटिशीच्या खर्चाचा बोजा पडणार नाही असे ठरले. सुरक्षेची चिंता आणि वाटण्याची मुभा ह्या दोहोंचा मेळ घालावयाला एका सुधारलेल्या देशाला सात वर्षे लागली.

वाटणे आणि उघडे टाकणे

मधल्या काळात जर्मनीतीलच फ्रायफुंक नावाच्या चळवळीने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. २००२-०३ च्या सुमारास बर्लिनमध्ये ती सुरू झाली. जर्मनी एक झाल्यावर पूर्व बर्लिनच्या काही भागांत काचतंतूच्या नव्या तारा घातल्या गेल्या होत्या. गंमत अशी, की त्या तारांवर पुढे आलेली, तांब्याच्या तारेवर चालणारी वेगवान जोडणी देता येईना. नव्या तारांमुळेच त्या वस्त्या मागे पडल्या. तेव्हा तरुणांनी गच्च्यांवर पेट्या बसविल्या आणि एका पेटीने दुसरीला, दुसरीने तिसरीला संदेश पोचवावा असे जाळे विणले. २०१० च्या निकालानंतर त्यांनी एक युक्ती योजिली. वाटणाऱ्याच्या घरातून निघालेली परक्यांची पत्रे संघटनेच्या मोठ्या लिफाफ्यात घालून पुढे जात, म्हणजे बाहेर पत्ता दिसे तो घरमालकाचा नव्हे, तर संघटनेचा. २०१५ साली जर्मनीत निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा त्यांच्या छावण्यांत ह्याच मंडळींनी जाळी उभारली.

त्याहून मोठे उदाहरण स्पेनमधील कातालोनिया प्रांतातले आहे. ओसोना परगण्यातल्या विखुरलेल्या शेतवस्त्यांपर्यंत तार नेणे कंपन्यांना परवडेना. २००४ साली रामोन रोका ह्या तंत्रज्ञाने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी छपरांवर तबकड्या लावून एकमेकांची घरे जोडावयास प्रारंभ केला. त्या जाळ्याला त्यांनी गिफी-नेट असे नाव दिले. आज त्यात तीस हजारांहून अधिक केंद्रे आहेत, आणि लहरींच्या जोडीला २००९ पासून काचतंतूही आले आहेत. पण त्यांचे यश तबकड्यांत नाही, नियमांत आहे. जो आपले केंद्र जोडतो, तो एका लेखी करारास बांधला जातो. दुसऱ्याची पत्रे आपल्या केंद्रातून जाऊ द्यावयाची, कोणाच्या पत्रात भेदभाव करावयाचा नाही, आणि आपले केंद्र कसे चालते हे इतरांपासून लपवावयाचे नाही, असा त्याचा आशय आहे. ह्या सामाईक जाळ्यावर छोट्या कंपन्या व्यवसायही करतात. ज्याने बांधणीत कमी घातले आणि वापर अधिक केला, त्याने हिशेबाने भरपाई द्यावयाची.

हे वाचताना खानदेशातल्या कोणालाही फड पद्धती आठवेल. पांझरा आणि मोसम ह्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचे पाणी शेकडो वर्षे गावकऱ्यांनी असेच वाटले. जमिनीचे फड पाडावयाचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते मिळून ठरवावयाचे, पाट सर्वांनी साफ ठेवावयाचा आणि पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे. पाणी सर्वांचे होते म्हणून कोणीही पाट फोडावा असे नव्हते. सर्वांचे होते म्हणूनच नियम होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन विदुषीने जगभरातल्या अशाच पाणी, कुरणे आणि जंगले ह्यांच्या सामाईक व्यवस्थांचा अभ्यास केला, आणि २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या विवेचनाचा इत्यर्थ असा, की सामाईक वस्तू नासते ती सामाईक असल्यामुळे नव्हे, तर तिला वापरणाऱ्यांनी केलेले नियम नसल्यामुळे.

आपल्याकडील वाट

भारतात घरगुती जोडणी देणाऱ्या कंपन्यांच्या करारात बहुधा अशी अट असते, की ती जोडणी दुसऱ्यास विकू वा पुरवू नये. पाहुण्याला पासवर्ड सांगणे वेगळे आणि महिना पैसे घेऊन पाच घरांना जोडणी देणे वेगळे. दुसरी गोष्ट करावयाची तर तिला आता रीतसर वाट आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी नावाची योजना मान्य केली. पूर्वी गल्लोगल्ली पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ असत, त्याच कल्पनेचा हा नवा अवतार. चहावाला, किराणा दुकानदार, वाचनालय किंवा कोणीही आपल्या जागेत वायफायची पेटी लावून लोकांना जोडणी देऊ शकतो. त्यासाठी त्याला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. वापरणाऱ्याची ओळख पटविणे आणि हिशेब ठेवणे हे काम दूरसंचार खात्याकडे नोंदलेल्या दुसऱ्या संस्था करतात. म्हणजे लिफाफ्यावर खरा पत्ता येतो, आणि दुकानदाराच्या गळ्यात परक्याचे लोढणे येत नाही.

योजनेची चाल मात्र मंद आहे. २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रे व्हावीत असे २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात म्हटले होते. २०२४ च्या अखेरीस ह्या योजनेखालची केंद्रे त्या मानाने फारच थोडी झाली होती. दुकानदाराला कंपन्या मूळ जोडणी महाग देत, हे त्याचे एक कारण. म्हणून २०२५ साली दूरसंचार नियामकाने त्या दरावर घरगुती दराच्या दुपटीची कमाल मर्यादा घातली. मोबाइलचा डेटा स्वस्त झाला असताना ह्याची गरज काय, असे कोणी विचारील. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा एका मोबाइलवर तीन भावंडांनी पाळीपाळीने वर्ग केले, आणि महिना संपण्याआधी डेटा संपला की शाळाही संपली, हे ज्यांनी पाहिले त्यांना ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज नाही.

घरापासून आळीपर्यंत

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून विषय पुरा करतो. पाहुणा असो की शेजारचा विद्यार्थी, त्याला आपल्या मुख्य जाळ्याचा पासवर्ड देऊ नये. बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठी निराळे जाळे काढण्याची सोय असते, ते सुरू करून त्याचा पासवर्ड द्यावा. घरातला कॅमेरा, छपाईयंत्र, संगणक हे मुख्य जाळ्यावर असतात. पाहुण्याच्या जाळ्यावरून तेथे पोचता येत नाही. ही ओसरी आणि माजघर ह्यांची जुनी विभागणी होय. आल्यागेल्याला ओसरी मोकळी असावी, माजघर नव्हे.

दुसरी गोष्ट, पेटीबरोबर आलेले दोन्ही पासवर्ड, वायफायचा आणि पेटीच्या व्यवस्थेचा, पहिल्या दिवशीच बदलावेत. तिसरी गोष्ट घेणाऱ्याने लक्षात ठेवावयाची आहे. बँकेचा किंवा पत्राचा मजकूर आज वाटेत बहुधा कुलूपबंद जातो, पण आपण कोणाकोणाच्या दारी गेलो हे जाळ्याच्या मालकाला पाहता येऊ शकते. म्हणून उघड्या, निनावी जाळ्यापेक्षा ओळखीचे, नियमाचे जाळे घेणाऱ्याच्याही हिताचे असते. चौथी गोष्ट इमारतीची. दहा-वीस बिऱ्हाडांना मिळून जोडणी घ्यावयाची तर ती एखाद्या सज्जन सभासदाच्या नावे घेऊ नये. गृहनिर्माण संस्थेच्या नावे, पुरवठादाराच्या लेखी संमतीने घ्यावी, मजल्यामजल्यावर तार न्यावी, प्रत्येक घराची नोंद वेगळी ठेवावी आणि खर्चाची वाटणी सभेत ठरवावी. पाण्याच्या पंपाचे बिल आपण असेच वाटतो. वाचनालयाने किंवा आळीच्या मंडळाने मुलांसाठी अभ्यासिका चालविली असेल, तर तेथे पीएम-वाणीची पेटी बसविणे हे पुस्तकांचे एक नवे कपाट घेण्याइतकेच मोलाचे काम होईल.

पाणपोई घालणाऱ्याला आपण पुण्यवान म्हणतो. पण पाणपोईचा रांजण रोज घासावा लागतो, त्यावर झाकण असावे लागते, आणि ओगराळे हाती घेऊन बसणारे माणूस लागते. रस्त्यावर उघडा रांजण ठेवून निघून जाणाऱ्याने दान केले असे कोणी म्हणत नाही. घरातल्या बिनतारी जाळ्याचेही हेच आहे. ते कुलूप घालून एकट्याने वापरावे, ही भीती झाली. ते उघडे टाकावे, ही बेफिकिरी झाली. ओळखीने, हिशेबाने आणि नियमाने ते चार जणांना पुरवावे, हा शेजारधर्म होय.